सुवर्णनियंत्रण आणि आत्याचं पाऊल

सुवर्णनियंत्रण हा शब्द आता फक्त सोनारांच्या घरात आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकात उरलाय. ९ जानेवारी १९६३ ला तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी ते जाहीर केलं. चीनशी युद्ध होऊन दोन महिनेही झाले नव्हते, परकीय चलनाची तंगी होती आणि चोरट्या मार्गाने येणाऱ्या सोन्यावर देशाचा पैसा बाहेर चालला होता. त्यावर काढलेला उपाय असा, की यापुढे नवा दागिना १४ कॅरटच्या वर घडवायचा नाही. लोकांना सोन्याची गोडी कमी लागेल, मागणी पडेल, चोरटी आयात थांबेल, असा हिशेब.

कागदावर हिशेब बरा दिसतो. पण आपल्याकडे दागिना म्हणजे बावीस कॅरट, शंभरात साडेएक्याण्णव भाग सोनं. चौदा कॅरटमध्ये साडेअठ्ठावन्न भागही भरत नाही. त्याचा रंग फिका, धातू कडक, आणि अडीअडचणीला मोडायला गेलं तर हातात काय येणार? बायकांनी ते घेतलंच नाही. सोन्याचा सोस काही कमी झाला नाही, सोनाराचं काम मात्र थांबलं. मोठे सराफ तग धरून राहिले. घरी शेगडी आणि ऐरण मांडून मजुरीवर डाग घडवणारे कारागीर रस्त्यावर आले. सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या, संसदेत त्यावर बोललं गेलं, मोर्चे निघाले. यातलं बरंच काही वाचायला मिळतं. मला लिहायचंय ते त्यातल्याच एका घराबद्दल, म्हणजे आमच्या.

तासगावात आमच्या आजोबांचं सोनारकाम होतं. दुकान म्हणावं असं काही नाही, ओटीवर बैठक. धाकटी आत्या नोव्हेंबर १९६२ मध्ये झाली, तिचा डावा पाय जन्मतःच आत वळलेला. तळवा वर आणि आत, टाच वर ओढलेली, जणू पाऊल दुसऱ्या पायाकडे बघतंय. डॉक्टरी भाषेत क्लबफूट. हजार बाळांमागे साधारण एकाला असतं आणि बहुतेक वेळा कारण सापडत नाही. पण कारण नाही हे उत्तर तेव्हाच्या तासगावला चालणारं नव्हतं. ‌दिवस मोजणाऱ्या बायकांनी लगेच मोजले. फेब्रुवारी १९६२! म्हणजे अष्टग्रही! त्या महिन्यात आठ ग्रह एका राशीत आले म्हणून देशभर यज्ञ झाले होते, जगबुडी येणार म्हणून लोकांनी पैसे उधळले होते. जगबुडी झाली नाही, पण तिची भरपाई म्हणून आमच्या आत्याचा पाय वाकडा झाला, असं गल्लीत ठरलं. आजीने ग्रहणात विळी चालवली असणार, हेही एकीने सुचवलं. (नाव सांगत नाही, तिची नातवंडं आमच्या ओळखीची आहेत.)

आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आजीने पाटल्या विकल्या, आजोबांनी मिरजेच्या वाऱ्या केल्या, आणि आत्याचं पाऊल सरळ झालं. लग्नामुंजीत कुणीतरी ती सांगतंच, आणि सांगणाऱ्याचा आवाज शेवटी हमखास भरून येतो. मीही ती ऐकत मोठा झालो. मग तीन वर्षांपूर्वी जुनं घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावरून आजोबांच्या रोजमेळाच्या वह्या निघाल्या. लाल कापडी बांधणी, मोडी अक्षर. मोडी शिकायला मला वर्ष गेलं, आणि आजोबांचं अक्षर शिकायला आणखी सहा महिने. त्यात एक खातं आहे, 'पायाचे'. बाळाचं नाव नाही, नुसतं 'पायाचे'. डिसेंबर १९६२ पासून नोव्हेंबर १९७० पर्यंत.

पहिली नोंद मिरजेची. मिरज म्हणजे आमच्या भागाचं वैद्यकाचं गाव, तिथे तेव्हाही डॉक्टरांची वाण नव्हती. बाळ तीन आठवड्यांचं असताना नेलं. डॉक्टरांनी पाऊल हाताने हळूहळू सरळ दाबलं आणि तसंच प्लॅस्टरमध्ये बांधलं. दर आठवड्याला यायचं, जुनं काढायचं, थोडं आणखी सरळ करायचं, नवं बांधायचं. ही पद्धत तेव्हा जगभर चालायची. पाऊल दाबून बांधायची कल्पना तर हिपोक्रेटिसच्या काळापासूनची आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एका डच लष्करी डॉक्टरने काढल्या, आणि अमेरिकेत हायरम काइट नावाच्या डॉक्टरने आयुष्यभर याच कामाची रीत बसवली. थोडक्यात, मिरजेत मिळत होतं ते अटलांटात मिळत होतं त्याच जातीचं होतं.

आता आकड्यांकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे. प्लॅस्टरचे पैसे फारसे नव्हतेच. प्रत्येक वारीचे सव्वाचार रुपये लिहिलेत ते एस.टी.चे, दोन माणसांचे, तासगावहून सांगली, सांगलीहून मिरज आणि परत. त्याखाली दुधाचे, कधी केळ्यांचे. आणि जे लिहिलेलं नाही ते म्हणजे त्या दिवशीची बुडालेली मजुरी. आजोबा कागदावर फक्त गेलेला पैसा लिहायचे, न आलेला नाही. तो मी शेजारच्या पानांवरून काढला. मंगळवारी जमेची बाजू कोरी, दर मंगळवारी.

वारीच्या आदल्या रात्री प्लॅस्टर घरीच उतरवायचं, म्हणजे दवाखान्यात वेळ जात नाही. घंगाळात कोमट पाणी, त्यात बाळाचा पाय तासभर भिजत ठेवायचा, बाळ किंचाळतंय, आणि मऊ झालेली पट्टी आजोबा पत्रा कापायच्या कात्रीने कडेकडेने सोडवतायत. पायाला कधी ओरखडा आला नाही, असं आजी सांगायची. गुंजेगुंजेचा हिशेब ठेवणारा हात तो, येणार कसा.

सहा आठवडे असे गेले आणि सुवर्णनियंत्रण आलं. वहीत त्या दिवशी काही लिहिलेलं नाही. पण डिसेंबरची जमा आहे ९४ रुपये, जानेवारीची ५१, फेब्रुवारीची १७. मार्चमध्ये जमेला 'कल्हई' असा शब्द येतो. गावातला चांगला कारागीर, पुतळ्यांच्या माळेची नक्षी करणारा माणूस, लोकांच्या भांड्यांना कल्हई लावत होता! घरात ही गोष्ट कुणीही, कधीही सांगितलेली नाही. मला ते लपवण्यासारखं वाटत नाही, उलट 'मिरज येणे जाणे' ही नोंद मार्च-एप्रिलमध्येही दर मंगळवारी आहे, हे पाहून मी वही मिटून थोडा वेळ बसलो होतो.

आणखी एक कागद त्या वहीत सापडला. राष्ट्रीय संरक्षण निधीची पावती, डिसेंबर १९६२ ची. आजीने दोन माशांची अंगठी देशाला दिली होती. बाळंतिणीने! युद्धाच्या त्या दिवसांत गावोगावच्या बायकांनी असं सोनं दिलं. एक महिन्यानंतर त्याच देशाने त्याच घराची शेगडी विझवली. आजीला यातला विरोध कधी जाणवला का, हे विचारायला ती आता नाही. आमच्या चुलतआजोबांना मात्र जाणवला होता, ते मोरारजींचं नाव निघालं की पानाची पिंक टाकायला उठायचे.

जून ते ऑक्टोबर १९६३ मिरजेची एकही नोंद नाही. पाच महिने. सांगताना आम्ही यावर 'पावसामुळे थोडा खंड पडला' असं पांघरूण घालतो. पाऊस होताच. पण पाऊस दरवर्षी असतो, सव्वाचार रुपये नव्हते हे त्या वर्षीचं. आणि या दुखण्याची खोड अशी, की बांधलेलं सोडलं की पाऊल परत आपल्या जागी जातं. दिवाळीत आत्या वर्षाची झाली, तेव्हा पाऊल जवळजवळ पहिल्यासारखं.

इथे थोडं तासगावच्या बाहेर जातो, कारण १९६३ हेच साल मला दुसऱ्या एका ठिकाणी भेटलं. अमेरिकेत आयोवाला इग्नासियो पोन्सेटी नावाचे डॉक्टर होते. जन्म १९१४, स्पेनच्या मिनोर्का बेटावरचा, वडील घड्याळजी. लहानपणी ते वडिलांच्या हाताखाली घड्याळं दुरुस्त करायचे. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले, हरलेल्या बाजूला होते म्हणून देश सोडला, मेक्सिकोमार्गे आयोवाला आले. वाकड्या पावलांवर मोठमोठ्या शस्त्रक्रिया झालेले लोक पुढे ताठ, दुखऱ्या पायांनी वावरतात हे पाहून त्यांनी पावलातली हाडं एकमेकांवर कशी सरकतात याचा नीट अभ्यास केला. काइटच्या रीतीत अंगठ्याचा दाब पावलाच्या बाहेरच्या कडेला भलत्या जागी पडायचा, त्यामुळे टाचेचं हाड अडकून राहायचं. पोन्सेटींनी तो दाब थोडा मागे, घोट्याच्या हाडाच्या डोक्यावर आणला. बोटभर अंतराचा फरक. टाचेचं हाड मग आपोआप वळतं. आठवड्याला एक अशी पाच-सहा प्लॅस्टरं, मांडीपर्यंत, मग टाचेमागच्या टेंडनला एक बारीक छेद, आणि पुढे चार-एक वर्षांचं होईपर्यंत रात्री घालायचे पट्टीला जोडलेले बूट. मोठी शस्त्रक्रिया नाही. त्यांचा यावरचा निबंध छापून आला १९६३ मध्ये. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढची तीस-पस्तीस वर्षं जगभरातले डॉक्टर पावलं कापून शिवतच राहिले. नव्वदच्या दशकात पोन्सेटींच्या जुन्या रुग्णांचे तिशी-चाळिशीतले पाय तपासले गेले, ते धडधाकट निघाले, आणि मग कुठे चक्र फिरलं. त्यातही मोठा वाटा आईबापांचा, त्यांनी इंटरनेटवरून एकमेकांना सांगून ही पद्धत पसरवली. पोन्सेटी २००९ मध्ये वारले, पंच्याण्णव वर्षांचे होऊन.

घड्याळजीच्या पोराच्या हाताला जे कळलं ते सोनाराच्या हाताला कळलं असतं का, असा विचार माझ्या मनात येतो. अर्थात हा विचार भाबडा आहे. पण पूर्ण भाबडा नसावा, कारण १९६४ ची एक नोंद.

सप्टेंबर १९६३ मध्ये सरकार थोडं सैल झालं. गिऱ्हाइकाचा जुना डाग मोडून त्याच कसाचा नवा घडवून द्यायची मुभा कारागिरांना मिळाली. मोरारजी तोवर मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. (चौदा कॅरटची अट पूर्ण उठली १९६६ मध्ये. कायद्याच्या रूपाने सुवर्णनियंत्रण मात्र १९६८ पासून थेट १९९० पर्यंत टिकलं.) नोव्हेंबर १९६३ मध्ये आजोबांनी सावकाराकडून ६०० रुपये काढले, दरमहा दीड रुपया शेकडा, आणि मिरज पुन्हा सुरू झाली. या वेळी प्लॅस्टरनंतर डॉक्टरांनी रात्री बांधायची एक पट्टी सांगितली. दोन पावलांखाली दोन पत्रे आणि ते जोडणारी आडवी दांडी. लंडनच्या डेनिस ब्राउन यांनी १९३० च्या दशकात काढलेली. ती मुंबईहून मागवायची, किंमत परवडेना. आजोबांनी दवाखान्यातला नमुना मागून तासभर हातात फिरवला, कागदावर मापं घेतली आणि आठवड्याने स्वतः ठोकलेली पट्टी घेऊन गेले. कडा घासून इतक्या गुळगुळीत की डॉक्टरांनी त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आणखी करून द्याल का?"

आजोबांनी दिल्या. वहीत अकरा पट्ट्यांची जमा आहे, तीन रुपयांप्रमाणे. घरात कुणी म्हणतं, आजोबांनी त्या फुकट वाटल्या. नाही. पैसे घेतले, आणि ते बरोबरच केलं, आणि जमा कुठे धरली तर 'पायाचे' खात्यालाच. त्या तेहतीस रुपयांचा मला पाटल्यांपेक्षा जास्त अभिमान आहे.

पाऊल पुष्कळ सुधारलं, पण पुरतं नाही. १९६७ मध्ये, धंदा परत उभा राहिल्यावर, मुंबईला धर्मादाय रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. तेव्हा मिरज-पुणे मीटरगेज होती, पुण्याला गाडी बदलायची. आजी आणि पाच वर्षांची आत्या गिरगावात नातेवाईकांच्या खोलीत पाच आठवडे राहिल्या. ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा चाळ हलली, सगळे जिन्याकडे पळाले, आणि प्लॅस्टरमधला पाय घेऊन आत्या खाटेवर एकटी. कुणाच्या लक्षात येईपर्यंत ती मजेत होती म्हणे. "पाळणा हलतोय असं वाटलं," हे ती अजून सांगते.

खात्याची बेरीज मी तीनदा केली. आठ वर्षांत २३११ रुपये. त्यात डॉक्टर, दवाखाना, औषध मिळून ४१०. प्रवास आणि राहणं ७६०. बूट ३८५, कारण बूट खास करून घ्यायचे आणि ते लहान होत राहायचे, शिवाय एक पाऊल दुसऱ्यापेक्षा लहान म्हणजे साध्या चपलांचेही दोन जोड घ्यायचे आणि एकेक टाकायची. आणि व्याज ७५६ रुपये. महिन्याला नऊ, चौऱ्याऐंशी महिने. बरं करणाऱ्यापेक्षा सावकाराला जवळजवळ दुप्पट मिळाले.

हे कालबाह्य झालेलं नाही. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे, सरकारी दवाखान्यात उपचार मोफत होतात, तेही पोन्सेटींच्या रीतीने. आमच्या ओळखीतल्या एका बांधकाम मजुराच्या बाळाचं पाऊल सहा प्लॅस्टरांत सरळ झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं. एक रुपया बिल नाही. पण दर आठवड्याला त्याची एक हजेरी बुडायची आणि बसभाडं जायचं. चौथ्या आठवड्याला तो यायचा थांबणार होता, बायको भांडली म्हणून आला. आमच्या वहीतले कोरे मंगळवार आणि हे, यात मला फार अंतर दिसलं नाही.

आता राहिली घरातली गोष्ट. हे लिहायचं की नाही यावर आमचं दोन महिने चाललं होतं, शेवटी दोन्ही आत्यांना वाचून दाखवून, त्यांच्या परवानगीने लिहितोय.

पैसे कुठून आले? ६०० कर्जाचे. १९६३ च्या जूनपासून 'दुकान, चि. थोरला' या नावाने महिन्याला २५ रुपये जमा आहेत. म्हणजे माझे बाबा, वय चौदा, कापडाच्या दुकानात. बाबांना अभ्यासाची गोडी नव्हती म्हणून शाळा सुटली, असं ते स्वतःच आम्हाला सांगत आले. गोडी नसलेल्या माणसाने मग दहा वर्षांनी, दुकान सांभाळून, बाहेरून एस.एस.सी. का दिली, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही.

आणि पाटल्या. फेब्रुवारी १९६३ मध्ये चार तोळ्यांच्या पाटल्या ४३० रुपयांना गेल्या. बाजार थंड, नड उघडी, त्यामुळे भाव पडेल तो. पण त्या आजीच्या नव्हत्या. १९६० च्या वहीत त्या घडवल्याची नोंद आहे, आणि पुढे लिहिलंय, 'चि. सौ. कां. हिचे लग्नाकरिता'. थोरल्या आत्याच्या होत्या. तिचं लग्न मे १९६४ मध्ये झालं, सतराव्या वर्षी. तेव्हाच्या कायद्याने मुलीला पंधरा पूर्ण असली की चालायचं. दागिने न मागणारं स्थळ आलं, म्हणून झालं. सासर कसं निघालं हे आमच्या नात्यातल्यांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना सांगायची इच्छा नाही.

धाकट्या आत्याला हे ठाऊक नव्हतं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवून २०२० मध्ये निवृत्त झाली. अपंगाचा दाखला कधी काढला नाही. लग्न जमलं नाही की केलं नाही यावर घरात दोन मतं आहेत, तिचं एकच आहे. डावं पाऊल अजून दीड नंबर लहान, घोटा ताठ, थंडीत दुखतो. सरळ झालं हे खरं, पण गोष्टीत होतं तितकं नाही. मी तिला ती ओळ वाचून दाखवली तेव्हा तिने चष्मा लावून मोडीतलं ते अक्षर स्वतः पाहिलं (तिला मोडी येत नाही) आणि थोरलीला फोन लाव म्हणाली.

थोरली आत्या पंचाहत्तरी उलटून गेलेली, कानाला कमी. दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"हो, माझ्याच होत्या की," ती म्हणाली. "आईला मीच काढून दिल्या. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं होतं? आणि हे बघ, त्या घट्ट व्हायच्या मला. दादांनी माप चुकवलं होतं."

दादा म्हणजे आजोबा. त्यांचं माप चुकलं, हे वाक्य मी आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. धाकटी आत्या फोन धरून हसत होती की रडत होती ते पाठमोरी असल्याने मला दिसलं नाही. पुढच्या रविवारी ती एस.टी.ने थोरलीकडे गेली आणि आठ दिवस राहिली. जाताना एका सराफाच्या दुकानात मला घेऊन गेली होती. काय घेतलं ते तिने लिहू नको म्हणून सांगितलंय.

वह्या सध्या माझ्याकडे आहेत. पुण्यातल्या काकांना १९६५ चं पान हवंय, त्याचा फोटो पाठवतो. बाकीच्यांनी दिवाळीला आल्यावर बघाव्यात, पण चहाचे कप लांब ठेवून.